गुरुजींच्या मंगलाष्टकांची डिस्क

माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक लॅपटॉप पिशवीतून काढायच्या आधी तोंडाने आवाज काढून दाखवतं. चांगली वजनदार माणसं, गावात ज्यांच्यासमोर कोणी मोठ्याने बोलत नाही अशी, माझ्या काउंटरवर वाकून "टक्... टक्... कर्रर्र" करतात आणि मी गंभीर तोंड करून ऐकतो. हसलो तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. मेहकरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत बसतो मी. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर असं करत आयुष्य गेलं. यंत्रं बदलली, पण लोकांची ही सवय काही गेली नाही. अन् बरं झालं नाही गेली ते, कारण निम्मा बिघाड मला त्या तोंडच्या आवाजातच कळतो.

बीबी गावचे एक धान्याचे व्यापारी आले होते. म्हणाले, "किशोरभाऊ, याच्यात रातकिडा शिरला हो. आयका, किर्र, किर्र करून राह्यला." उघडून पाहिलं तर पंख्यात ज्वारीचा दाणा. लॅपटॉप पोत्यांच्या थप्पीवर ठेवून हिशेब करायचे ना! दाणा चिमट्याने काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बोटात धरून उजेडात फिरवून पाहिला अन् म्हणाले, "हा आमच्या दुकानचा नाही. हलका माल आहे." घ्या! यंत्राचं राहिलं बाजूला, माणूस मालाची अब्रू सांभाळून राह्यला.

दसऱ्यानंतरचे दिवस म्हणजे तर माझा सीझनच. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. विळे-कोयते पुजतात, गाड्या पुजतात, आता लॅपटॉपही पुजतात. मग जाळीत अक्षता, बटणांच्या फटीत कुंकू, पेनड्राइव्हच्या खाचेत झेंडूची पाकळी, असा सगळा प्रसाद माझ्याकडे येतो. मी ब्रशने झाडतो, थोडी थट्टा करतो, चहा पाजतो. गेल्या वर्षापर्यंत मला त्यात मजाच वाटायची. आता दसरा जवळ आला तरी ती थट्टा सुचत नाही.

पुढचं कळावं म्हणून हार्ड डिस्क म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. लॅपटॉपमधलं सगळं, म्हणजे फोटो, गाणी, हिशेब, हे त्या चपट्या डबीत असतं. आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी भन्नाट वेगाने फिरते आणि तिच्यावर एक बारीक दांडी मागेपुढे सरकत वाचत असते. दांडीच्या टोकाला जे वाचणारं असतं त्याला आम्ही हेड म्हणतो. हे हेड तबकडीला टेकत नाही, केसाहूनही कमी अंतर ठेवून वरच्यावर तरंगतं. लॅपटॉप बंद असला की ते बाजूला जाऊन बसतं, तेव्हा थोडाफार धक्का चालून जातो. तबकडी फिरत असताना धक्का बसला तर मात्र ते खाली आपटतं आणि ओरखडा पाडतं. त्या जागी जे लिहिलेलं असेल ते गेलं, कायमचं.

आवाज कसा ऐकायचा हे मी रेडिओच्या दिवसांत शिकलो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं अन् मूठ कानाच्या हाडाला लावायची. डॉक्टरची नळी आणि आमचा स्क्रू-ड्रायव्हर, काम एकच. बारीक घुं-घुं असेल तर तब्येत ठीक. टक्-टक् आलं तर हेडला वाचायची जागा सापडत नाहीये. अन् कर्रर्र आलं तर मी ताबडतोब वायर ओढतो, कारण त्या वेळी आत तबकडी खरवडली जात असते. लोक नेमकं उलटं करतात. आवाज आला की बंद करायचं सोडून परत परत चालू करून पाहतात. आजारी माणसाला हलवून हलवून 'बरा आहेस का' विचारतात ना, तसं. किती ओरडलो मी यावर! कोणी आयकत नाही.

वृंदा आली ती दसरा होऊन काही दिवस झाले होते तेव्हा. लोणारच्या नारायण गुरुजींची मुलगी. औषधांच्या दुकानात कामाला आहे, शांत पोरगी. गुरुजींना आमच्या भागात कोण ओळखत नाही? लोणार, बीबी, मेहकर, या पट्ट्यातली अर्धी लग्नं त्यांनी लावलेली. माझंही त्यांनीच लावलं. त्यांचं 'शुभमंगल सावधान' म्हणजे काय सांगू! मांडवाच्या बाहेर वाढप्यांच्या हातातल्या बादल्या थांबायच्या. शेवटचं 'सावधान' ते इतकं लांबवायचे की बँडवाले वाजवायच्या तयारीत गाल फुगवून उभे राहायचे, अन् गुरुजी सोडायलाच तयार नाहीत.

तर त्या गुरुजींना घशाचा कॅन्सर निघाला. सुपारीचं खांड तोंडात न टाकणारा माणूस! संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन झालं, जीव वाचला. आता ते गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतात, वर पांढरं फडकं बांधतात, अन् बोलायचं ते पाटीवर लिहितात. हे मला ऐकून माहीत होतं. भेटायला जायचं जायचं म्हणत राहून गेलं होतं.

वृंदाने लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि इतरांसारखाच तोंडाने आवाज काढून दाखवला. "टक्, टक्, अन् मग कर्रर्र होते काका. आधी चालू होऊन जायचा, आता होतच नाही."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हटलं, "कितीदा चालू करून पाह्यला?"

"रोजच. आवाज येऊन राह्यला तोपर्यंत बरं वाटे. जिवंत आहे असं वाटे."

"त्याच्यात काय आहे व, पोरी?"

तेव्हा तिने सांगितलं. ऑपरेशनच्या आधी गुरुजींनी दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून, घाम पुसत पुसत आपली सगळी मंगलाष्टकं लॅपटॉपवर म्हणून ठेवली होती. वृंदाचं लग्न तेव्हा ठरलंही नव्हतं. एकुलती एक मुलगी. साऱ्या गावाच्या पोरींची लग्नं लावली, माझ्या पोरीच्या लग्नात दुसऱ्याने म्हणावं काय, असं त्यांच्या मनात. आता जालन्याकडचं स्थळ पक्कं झालं होतं, दिवाळीनंतर लग्न होतं, अन् अंतरपाटाजवळ लॅपटॉप ठेवून त्याच आवाजात लग्न लागायचं होतं.

"कॉपी ठेवली असशील ना पण?" मी विचारलं.

"ठेवली ना. एक डेस्कटॉपवर अन् एक डी ड्राइव्हमध्ये."

मी डोक्याला हात लावला. ही चूक शिकलेले-न शिकलेले सगळे करतात. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, अन् सी न् डी या एकाच डिस्कच्या घरातल्या दोन खोल्या. घर पडलं की दोन्ही पडतात. पण हे त्या क्षणी त्या पोरीला काय सांगायचं? मी म्हटलं, "पाहू या," आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "पडला होता का? धक्का-बिक्का?"

"छे हो काका. बाबा तर त्याला देवासारखं जपतात. जागचा हलू देत नाहीत."

मी डिस्क काढायला लॅपटॉप उलटा केला अन् झटकला. नेहमीसारख्या अक्षता पडल्या, थोडं कुंकू पडलं. मग एका कडेला बोट चिकटलं. गोडसर, वाळलेलं काहीतरी. बटणांच्या फटीत पांढरा कण होता, तो नखाने काढला. खोबरं होतं ते.

"पूजा केली होती का याची?"

"हो, दसऱ्याला. बाबांनीच केली." ती सांगू लागली. गुरुजींचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही, म्हणून पूजा टेबलावर मांडली. पोथ्या, पंचांग, ताम्हण आणि मधोमध लॅपटॉप. आता मंत्र कोण म्हणणार? तर तेही लॅपटॉपच. मंगलाष्टकांसोबत गुरुजींनी चार पूजाही म्हणून ठेवल्या होत्या, त्यातली एक लावली. यंत्रातून त्यांचा आवाज चाललेला आणि ते त्याच यंत्राला हळद-कुंकू वाहत होते. "खूप दिवसांनी घरात त्यांचा आवाज घुमला, काका. आई स्वयंपाकघरातून पदर डोळ्याला लावून ऐकत होती. मग नारळ..."

मी नखावरच्या खोबऱ्याच्या कणाकडे पाहिलं.

"नारळ कुठं फोडला?"

"तिथंच. टेबलावर वरवंटा ठेवला होता, त्याच्यावर. पहिल्या दणक्यात फुटला नाही. दोन-तीनदा..." तिने तोंडावर हात ठेवला. "आवाज मधेच अडकला तेव्हा. आम्हाले वाटलं, बॅटरी उतरली."

माणसाने आपला आवाज ज्या यंत्रात ठेवला त्या यंत्रापुढे हात जोडले, मनापासून नारळ फोडला, अन् त्याच दणक्याने आतलं हेड तबकडीवर आपटलं. लॅपटॉप बंद असता तर कदाचित काही झालं नसतं. पण बंद कसा असेल? मंत्र तोच म्हणत होता ना.

"काका," ती शेवटी म्हणाली, "आवाज निघाला नाही तर नाही. पण बाबाले नारळाचं सांगू नका. हात जोडते तुम्हाले."

डिस्क मी पुण्याच्या एका लॅबकडे पाठवली. माझ्या दुकानात ती उघडायची सोय नाही, धुळीचा एक कण आत गेला तरी खेळ खलास. उत्तर यायला वेळ होता, अन् मला स्वस्थ बसवेना. एकदम डोक्यात आलं, अरे, गुरुजींनी शेकड्यांनी लग्नं लावली, त्यांच्या व्हिडिओ कॅसेटी झाल्या, सीड्या झाल्या. त्यात त्यांचा आवाज असणारच! मी असा खूश झालो की बायकोला दुकानातूनच फोन केला, "आपल्या लग्नाची सीडी काढून ठेव!"

ती म्हणाली, "आज काय नवं सुचलं? पोरांनी मागितली तेव्हा तर म्हणत होता, माझी मिशी पाहून हसतील."

घरी गेलो. सीडी लावली. मांडव दिसला, माझी मिशी दिसली, अंतरपाट दिसला. गुरुजी तरणेबांड, गळ्याच्या शिरा ताणून म्हणत होते, हात वर जात होता, अक्षता पडत होत्या. अन् आवाज कशाचा, तर त्या वेळच्या सिनेमातल्या गाण्याचा! पूर्ण मंगलाष्टकांवर गाणं चिकटवलेलं. गुरुजींचे ओठ हलताहेत आणि बाई गाते आहे. आम्ही दोघं इतकी वर्षं ती सीडी पाहून हसलो होतो, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग बीबीच्या गजू शूटिंगवाल्याला फोन केला. या पट्ट्यातली सगळी लग्नं त्यानेच काढलेली. तो म्हणाला, "किशोरभाऊ, मंगलाष्टकांले तर गाणंच टाकतो ना आपण. आवाज काढूनच टाकतो. ठेवला तर पार्टी बोलते, भटजीचा आवाज काऊन ठेवला म्हणून."

"अबे, मूळ कॅसेटी असतील ना?"

"त्याच पुसून पुसून दुसऱ्या लग्नाले वापरत होतो, भाऊ. कुठून असतील?"

तरी मी हिंडलो. ओळखीच्या घरी जाऊन लग्नाच्या सीड्या मागायचो. लोक म्हणत, किशोरभाऊले म्हातारपणी काय लागलं हे! सगळीकडे तेच. गुरुजी तोंड हलवत आहेत, कुठे हे गाणं, कुठे ते गाणं. अख्ख्या तालुक्याच्या लग्नांत जो आवाज घुमला तो कोणाच्याच घरात उरला नव्हता. मला आमच्या सगळ्यांचाच राग आला. माझाही आला.

पुण्याहून फोन आला. तिथला मुलगा सभ्य होता, हळू बोलत होता. तबकडी आतून गोल खरवडली गेली होती, वरचा थर निघून आत नुसती पूड झाली होती. "सर, फार वेळा चालू केली का ही?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

लोणारला मी स्वतः गेलो. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती. एसटीतून उतरून गुरुजींच्या घरी पोचेपर्यंत काय बोलायचं ते मनात दहादा घोकलं. गुरुजी ओसरीवर बसले होते. वाळले होते, पण डोळे तेच. मला पाहून हाताने 'या, बसा' केलं. गळ्यावरचं फडकं श्वासासोबत हलत होतं. वृंदा पाणी घेऊन आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

मी म्हणालो, "गुरुजी, नाही जमलं. डिस्क जुनी झाली होती. आतून झिजली होती. आज ना उद्या जाणारच होती."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग पाटी ओढली, एकच शब्द लिहिला आणि माझ्याकडे फिरवली. 'नारळ?'

"नाही हो!" मी मोठ्याने म्हणालो. जरा जास्तच मोठ्याने. "नारळाने कुठे डिस्क जाते काय? काहीतरीच तुमचं."

त्यांनी मान हलवली. धोतराच्या सोग्याने पाटी पुसली, पुष्कळ वेळ पुसली, शब्द गेला तरी पुसतच राहिले. वृंदा आत निघून गेली. चाळीसेक वर्षं यंत्रांचे आवाज ऐकून मला खोटा आवाज ओळखता येतो, तर त्या माणसाला माझा ओळखता येणार नाही? पण त्यांनी काही लिहिलं नाही. मला चहा पाजला.

लग्न ठरलेल्या तारखेला लोणारलाच झालं. वराकडच्या मंडळींनी जालन्याहून एक गुरुजी आणले होते. तरुण, खणखणीत आवाजाचे. विधी त्यांनीच केले. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी मान म्हणून तो नारायण गुरुजींपुढे धरला. गुरुजींनी हात मागे घेतले आणि मानेनेच 'तुम्ही' म्हटलं. हे फक्त मी अन् वृंदाने पाहिलं असेल. मी खाली पाहिलं.

अंतरपाट धरायला गुरुजींनी मला बोलावलं. एक टोक माझ्या दोन्ही हातांत, दुसरं मुलाच्या मामाच्या. पलीकडे नवरदेव, अलीकडे वृंदा हार घेऊन. पाहुण्या गुरुजींनी माइक हातात घेतला, घसा साफ केला, आणि तेवढ्यात नारायण गुरुजी पुढे आले. त्यांच्या हातात पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'मी म्हणतो.'

त्या तरुण गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग माइक खाली केला, दोन पावलं मागे झाले अन् हात जोडून उभे राहिले. शहाणा माणूस होता तो.

गुरुजींनी डोळे मिटले आणि सुरू केलं. ओठ हलू लागले. मांडवात आधी कुजबुज झाली, मागे कोणीतरी "माइक बंद आहे का?" म्हणून ओरडलं. मग लोणारच्या लोकांना कळलं, त्यांनी वराकडच्यांना गप्प केलं, अन् हळूहळू सगळा मांडव असा शांत झाला की वाढप्यांनीही बादल्या खाली ठेवल्या. माझ्या कानापासून गुरुजींचा गळा हातभर अंतरावर होता. फडक्याखालून श्वास बाहेर पडत होता, फस्... फस्स्... फस्. मी आयुष्यभर कान लावून बसलेला माणूस, मला लगेच कळलं. तो नुसता श्वास नव्हता. त्यात चाल होती. जिथे ते आवाज चढवायचे तिथे श्वास जोरात यायचा, जिथे थांबायचे तिथे थांबायचा. एकही कडवं त्यांनी गाळलं नाही.

कडवं संपलं की त्यांचा हात वर जायचा, अन् लोक अक्षता टाकायचे. कोणाला काही ऐकू येत नव्हतं, पण इथल्या माणसांना त्यांचं थांबणं पाठ होतं. हात वर जायच्या आधीच अक्षता सुटत होत्या. मामाने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी रडत होतो आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटचं 'सावधान' त्यांनी नेहमीसारखं लांबवलं. पूर्वीइतका श्वास आता पुरत नाही. मधेच तुटला, त्यांनी परत घेतला आणि परत लांबवला. बँडवाले तसेच गाल फुगवून उभे. मग त्यांनी हात खाली केला, मी अंतरपाट सोडला, अन् वाजंत्री सुरू झाली.

पाया पडायला वृंदा माझ्याजवळ आली तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या बाबांचा आवाज काही काढून देता आला नाही व मले."

ती म्हणाली, "मले आयकू आला ना, काका."

मेहकरला परतलो तर बायको वाट पाहत होती. तिचे पाय दुखत होते म्हणून ती आली नव्हती. ताट वाढता वाढता तिने विचारलं, "मग? कोणी म्हटली मंगलाष्टकं?"

"गुरुजींनी."

"कोणत्या गुरुजींनी?"

"आपल्या नारायण गुरुजींनी."

तिने पोळी हातातच धरली. "अहो, त्यांना तर... कशी म्हटली?"

मी म्हटलं, "आपल्या लग्नात म्हटली होती, तशीच."